न वाजणारी पिशवी

आधीच सांगते, माझे अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे गुरे आणि धाकटी भावंडे. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही आणि लिहिता लिहिता ओळ गडाच्या वाटेसारखी वर चढत जाते. ही वही माझ्या मुलीची, वैशालीची. मागची पाने कोरी होती म्हणून मी घेतली. कोणी वाचेल असे वाटत नाही, पण वाचलेच तर चुका पोटात घाला. मला सुट्टेवाल्या आबांबद्दल लिहायचे आहे. तोंडाने सांगायला गेले तर माझा आवाज फुटत नाही.

आबांची पिशवी वाजत नसे. दहा-बारा किलो चिल्लर खांद्यावर घेऊन ते मळवलीला गाडीतून उतरत, भाजे गावावरून गायमुख खिंड चढून लोहगडवाडीला येत, आणि एवढ्या वाटेत एक नाणे दुसऱ्याशी बोलत नसे. धुक्याच्या दिवसांत तर ते एकदम समोर उभे राहत. आधी नुसते पांढरे, मग त्यात एक करडा डाग, मग आबा. गडाखाली माझी ताकाची टपरी, शेजारी हौसावहिनीची भज्यांची. ती दर वेळी दचकायची.

"आबा, खोकत तरी या की! भुतावानी काय येताय?"

"भुताकडं सुट्टे नसत्यात, हौसा."

मी एकदा धीर करून विचारले, पिशवी वाजत कशी नाही. आबा म्हणाले, "वाजती ती अर्धी असती. भरली की गप बसती."

त्यांचा धंदा असा होता. लोणावळ्यातले फुलवाले, शेंगावाले, एसटीचे कंडक्टर, लहान देवळांच्या पेट्या, या सगळ्यांकडे चिल्लर साठते आणि त्यांना ती नको असते. आबा ती घेऊन नोटा देत. मग चिक्कीच्या दुकानांना आणि आम्हा टपरीवाल्यांना नोटा घेऊन चिल्लर देत. दुकानदारांकडून शंभरामागे दोन रुपये घेत. आम्हा गडाखालच्या बायकांकडून मात्र शंभरामागे एक ग्लास ताक. पाचशेची चिल्लर घेतली तरी ताक दोनच ग्लास पीत. उरलेले तीन "पुढल्या शनवारी" म्हणत. ते तीन कधी प्यायले नाहीत.

मांजरपाटाच्या थैल्या ते स्वतः शिवत. प्रत्येक थैलीचे माप ठरलेले. शंभर रुपयाची नाणी, शंभर दोनची, चाळीस पाचची, असे बरोबर पाचशे रुपये बसले की तोंडाला गाठ बसायची आणि आत बोट घालायलाही जागा राहायची नाही. अशा थैल्या पिशवीत एकावर एक रचलेल्या असत, निजलेल्या लेकरांसारख्या.

मी टपरी टाकली ती आमच्या मालकांचा पाय मोडला त्या साली. ते लोणावळ्यात एका बंगल्याला रंग देत होते, शिडीवरून पडले. मग मी चार वासे रोवले, वर निळा कागद टाकला आणि ताक, लिंबू सरबत, काकडी, बिस्किटे घेऊन बसले. बसले खरी, पण गिऱ्हाइकाला हाक मारता येईना. हौसावहिनीची हाक गडाच्या पहिल्या दरवाज्यापर्यंत जायची. माझी ओठाशीच विरायची. पहिल्या शनिवारी दोनच गिऱ्हाइके आली, आणि दुसऱ्याने शंभराची नोट काढली तर मला परत द्यायला काही नव्हते. तो म्हणाला, "राहू द्या मावशी," आणि ताक ठेवून निघून गेला.

आबा समोर उभे होते. त्यांनी माझा बिस्किटांचा रिकामा डबा उचलून पाहिला. तोच माझा गल्ला.

"रिकाम्या गल्ल्यावर बसू नये," ते म्हणाले आणि एक थैली माझ्या पुढ्यात ठेवली.

मी मान खाली घालून म्हटले, "माझ्याकडे नोट न्हाई आबा."

"मागितली का? गल्ला बंद करशील त्या दिशी दे. आसंच्या आसं, चिल्लर. नोट घ्यायचा न्हाई." मग जाता जाता वळून म्हणाले, "आन् बोलाया येत न्हाई म्हून रडू नको, सुमन. तू बोलूच नको. सुट्टे दे. सुट्टं देनाऱ्याकडं गिऱ्हाईक परत येतंय."

तसेच झाले. बाकीच्या टपऱ्यांवर सुट्टे नसले की गोळी मिळायची नाहीतर "दोन रुपये नंतर घ्या." मी रुपयाला रुपया परत देत होते. गड उतरून आलेली माणसे मलाच शोधत यायची. मी न बोलता त्यांच्या तळहातावर नाणी ठेवायची. किती तरी तळहात मी पाहिले. दोराने सोललेले, मेंदी लावलेले, शाईने भरलेले. माणसांची तोंडे मी कधी नीट पाहिली नाहीत, पण हात आठवतात.

सकाळी नाणी थंड असायची, ओढ्यातल्या गोट्यांसारखी. गिऱ्हाईक नसले की मी डब्यात हात घालून नुसती बसायची. समोर धुके, धुक्यात गड नाहीसा झालेला, आणि बोटांखाली ती थंड गोल नाणी. ही कुठून कुठून आली असतील, कोणाच्या खिशातून, कोणाच्या नवसातून, असे वाटत राही. दुपारपर्यंत ती हाताने कोमट व्हायची.

आबांची बोटे तर डोळ्यांपेक्षा शहाणी. आजकालचे रुपयाचे आणि दोनचे नाणे दिसायला सारखेच. माझी रोज गल्लत व्हायची. आबा डोळे मिटून सांगत. हौसावहिनीने एकदा पैज लावली आणि सोड्याच्या बाटलीचे बूच दगडाने चेपून नाण्यांत घातले. आबांनी डोळे मिटून एक एक नाणे बाजूला केले. बुचापाशी थांबले, वास घेतला.

"हौसा, ह्ये चालत आसतं तर मी लोनावळ्याच्या सोडावाल्याचा जावई झालो आसतो."

हौसावहिनी एवढी हसली की तिची भजी जळाली.

मोठ्या नोटा बंद झाल्या त्या दिवसांत आबा राजा झाले. सगळ्या लोणावळ्याला सुट्टे हवे होते. लोक शंभरामागे वीस द्यायला तयार होते. आबांनी दोनच घेतले. हौसावहिनी म्हणाली, "आबा, बंगला बांधला असता की ओ!" तर म्हणाले, "आन् मग त्यात बसून तोंड कुनाला दावू? ह्ये दिस जात्याल. मला परत ह्याच वाटंनं यायचंय."

मग साथीचा आजार आला, गड बंद झाला. पुढे गड उघडला तेव्हा लोक नाण्यांना भिऊ लागले होते. चिमटीत धरायचे, घेताना हात मागे घ्यायचे. आबांनी काय करावे? एका सकाळी ते आले आणि ओढ्यावर सगळी चिल्लर रिठ्याच्या पाण्यात धुतली. मग पोत्यांवर उन्हात पसरली. वाळत घातलेल्या सांडग्यांसारखी हजारो नाणी, आणि ऊन फिरेल तशी ती एका कडेने पेटत जायची. गुरे चारणारी माणसे थांबून पाहत होती. मला वाटले, आकाश खाली उतरून वाळत पडले आहे. आबा राखणीला बसले होते, हातात कावळे हाकायची काठी.

"कावळ्याला काय करायचंय नाणं?" मी विचारले.

"त्याला तरी पायजे आसंल," आबा म्हणाले.

तेव्हा आम्ही हसलो. पण ते खरे होत चालले होते. येणारी पोरेपोरी विचारायची, "मावशी, स्कॅनर आहे?" मी मान हलवली की पुढच्या टपरीवर जायची. शेवटी वैशालीने माझे खाते काढून मला स्कॅनर लावून दिला, आणि ती बोलणारी डबीही आणली. आमच्याकडे रेंज धड नसते. हौसावहिनीच्या टपरीमागे एक दगड आहे, त्यावर चढले की येते. त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. गिऱ्हाईक ताक पिऊन दगडावर चढायचे, फोन गडाकडे उंच करायचे, आणि मग माझी डबी बाईच्या आवाजात सांगायची, वीस रुपये मिळाले.

आबांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ताकाचा ग्लास खाली ठेवला. "कोन बाई हाय ही?"

"डबी हाय आबा."

"लाज न्हाई हिला. शेजारनीला सांगती किती मिळालं ते." मग ग्लास परत उचलून म्हणाले, "आसू दे. तुज्या वतीनं बोलाया कुनी तरी आलं."

खोटे कशाला लिहू, मला ती डबी बरी वाटत होती. चुकीचे सुट्टे नाहीत, फाटकी नोट नाही, कोणाशी बोलणे नाही. फक्त तळहात दिसेनासे झाले. माणसे यायची, फोन दाखवायची, जायची. संध्याकाळी डबा झाकताना आत काही नसायचे आणि तरी धंदा झालेला असायचा. स्वप्नात जेवल्यासारखे वाटायचे.

आणि एका शनिवारी धुक्यातून आवाज आला. खुळ्... खुळ्... खुळ्. बैलाच्या गळ्यातली घंटा असेल असे मला वाटले. मग पांढऱ्यात करडा डाग दिसला, आणि आबा. हौसावहिनी दचकली नाही. सगळ्या टपऱ्यांवरून माना वर झाल्या आणि लगेच खाली गेल्या. आबांची पिशवी वाजत होती.

त्यानंतर एकेकीने गल्ला बंद केला. आबांनी पहिली थैली सगळ्यांनाच दिली होती, ती प्रत्येकीने परत केली. हौसावहिनीनेही दिली. "आबा, आता गल्ल्यात मी लसूण ठेवते," असे म्हणाली आणि पदराने तोंड पुसत आत गेली. राहिले माझे पाचशे. ते मला जड नव्हते. पण ते दिले तर आबांना खिंड चढायला काही कारण उरले नसते, म्हणून मी दिले नाहीत. गल्ला चालू ठेवला. दिवसाला दोन माणसे रोख द्यायची, तरी मी दर शनिवारी पन्नासाची चिल्लर घ्यायची. आबा त्या पन्नासासाठी लोणावळ्याहून यायचे आणि ग्लासभर ताक प्यायचे. पन्नासाला अर्धाच ग्लास होतो, हे आम्ही दोघेही बोललो नाही.

मग त्यांच्या डोळ्यांत पडदा आला. खिंडीत पडले, खांदा दुखावला. त्यांचा मुलगा दत्ताभाऊ तळेगावला कंपनीत आहे, घोरावाडी स्टेशनाजवळ दोन खोल्यांत राहतो. तो त्यांना घेऊन गेला.

पाऊस सरल्यावर दत्ताभाऊचा फोन आला. "ताई, आबा सारखे तुमच्या पाचशे रुपयांचं काढतात. म्हणतात, तिनं गल्ला बंद केला असेल आणि लाजेनं येत नसेल. राग मानू नका, पण काही आहे का तसं?"

मी वैशालीला सांगितले. वैशालीने तिथल्या तिथे रेंजच्या दगडावर चढून त्याच्या फोनवर पाचशे रुपये पाठवले. म्हणाली, "झालं आई. फिटलं." मलाही तसेच वाटले.

संध्याकाळी परत फोन. दत्ताभाऊ हसत होता, पण वैतागलाही होता. त्याने आबांना सांगितले होते, पैसे आले. आबांनी हात पुढे केला, "कुटं आलं? दे." आता हातावर काय ठेवणार? म्हणून त्याने आपल्या खिशातली पाचशेची नोट ठेवली. आबांनी ती चाचपली आणि परत दिली. "ही नोट हाय. मी चिल्लर दिलती. सुमननं पाटवलेलं न्हाई ह्ये."

त्या रात्री मला कळले की आपण काय केले. ज्या माणसाने आयुष्यभर पैसा हातातून हातात दिला, त्याला आपण हवेतून दिला. आणि त्याला आता दिसतही नव्हते. उरली होती ती बोटे.

आबांची मांजरपाटाची थैली मी जपली होती. ती काढली आणि नाणी जमवायला लागले. शंभर, शंभर आणि चाळीस. सोपे वाटले, पण चिल्लर राहिलीच कुठे होती? पाचची मिळाली, दोनची हळूहळू मिळाली, रुपया काही मिळेना. हौसावहिनीने कपाटाखाली झाडू घालून सात रुपये काढले. "घे बाई, म्हातारा माज्यासाठीबी खिंड कमी चढला न्हाई," म्हणाली. वैशाली कॉलेजात मैत्रिणींच्या पर्सा झाडायची. मी कोणी रोख देईल म्हणून वाट बघायची, आणि कोणी दिले की ते नाणे वेगळे ठेवायची. दत्ताभाऊ फोनवर सांगायचा, आबांचे जेवण कमी झाले, आज उठलेच नाहीत. दिवाळीनंतर सुरुवात केली ती शिमग्याला थैली भरली. तीन वेळा मोजली. बरोबर पाचशे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी तासभर उघडून मग मी घोरावाडीला गेले.

आबा खाटेवर होते. किती लहान झाले होते. मी पायाला हात लावला, तर हातावरून ओळखले. "सुमन," म्हणाले. मग लगेच, "गल्ला बंद केलास?"

याच प्रश्नाला मी भीत होते. मी थैली त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी ती दोन्ही हातांत तोलली. कानाशी नेली, हलवली.

"एक रुपाया कमी हाय."

"न्हाई आबा, तीनदा मोजलंय."

दत्ताभाऊ म्हणाला, "आबा, काहीतरीच काय!" पण आबांनी गाठ सोडली आणि गोधडीवर मोजायला सुरुवात केली. बोटे हळू झाली होती, पण चुकत नव्हती. पाचची चाळीस. दोनची शंभर. रुपये नव्व्याण्णव.

आणि मग आठवले. सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकोणीस रुपयांचा बिस्किटांचा पुडा घेऊन वीसची नोट दिली. डब्यात नाणे नव्हते. थैली जवळच उघडी होती. माझा हात सवयीने गेला, आणि मी त्यांच्या हातावर रुपया ठेवला. मला कळलेही नाही.

मी हे सगळे सांगितले. एका दमात एवढे मी कधी बोलले नव्हते. सांगताना रडू येत होते. आबा मात्र हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

"म्हंजी आज सकाळी सुट्टं दिलंस?"

"व्हय."

"मग गल्ला चालू हाय की गं!" आणि दत्ताभाऊच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "आयकलंस? चालू हाय." थोड्या वेळाने त्यांनी थैलीवर बोट ठेवले. "पर रुपाया लागंल."

दत्ताभाऊने घर शोधले. देवघरात, शर्टांत, मुलांच्या दप्तरांत. एक रुपया मिळाला नाही. मी दहाची नोट मुठीत घेऊन बाहेर पडले. जन्मात अनोळखी माणसाला काही मागितले नव्हते. चहाच्या टपरीसमोर दोनदा नुसतीच जाऊन परत आले. तिसऱ्यांदा म्हटले, "दहाचे सुट्टे आहेत का? रुपया रुपया?"

"मावशी, चहा घ्या, स्कॅन करा. सुट्टे कुठले आता!"

औषधाच्या दुकानात विचारले. भाजीवाल्याला विचारले. तो म्हणाला, "कोथिंबीर घेऊन जा, रुपया काय करता?" रस्त्याच्या कडेला उभी राहून मी मोठ्याने विचारू लागले, "कोणाकडे सुट्टे आहेत का?" माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. माणसे वळून बघत होती. मला लाज वाटली नाही. आत आबा थैली धरून बसले होते, एवढेच दिसत होते.

लिंबाखाली एक म्हातारी फुलांच्या पाटीपाशी बसली होती. तिने हात हलवून बोलावले. कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या तळहातावर एक एक करून रुपये ठेवले. दहाला दहा.

"कोन मागत न्हाई आता," ती म्हणाली. "तू कशी गं मागतीस?"

"आबांना द्यायचाय," मी म्हटले, जणू तिला आबा माहीत असावेत. तिने मान हलवली, जणू होतेच.

परत आले तेव्हा आबा तसेच बसून होते. मी एक रुपया त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला आणि गोधडीवरच्या नव्व्याण्णवांत टाकला. मग मी उरलेले नऊ ठेवले. आबांनी मोजले, आणि नऊच्या नऊ माझ्या मुठीत परत घालून माझी बोटे मिटवली.

"ह्ये गल्ल्यात. रिकाम्या गल्ल्यावर बसू नये."

नाणी त्यांनी स्वतःच थैलीत भरली. रुपये, मग दोनची, मग पाचची. बोटाने दाबून दाबून. थैलीच्या तोंडाशी शेवटचे नाणे बसले तेव्हा त्यांनी गाठ मारली, दाताने घट्ट केली. मग थैली कानाशी नेली आणि हलवली. दत्ताभाऊने चालू पंखा बंद केला. आम्ही तिघेही कान देऊन बसलो.

काही वाजले नाही.

"भरली," आबा म्हणाले.